दुभाषी व्हा! मेहकर आवृत्ती

हे मार्गदर्शक बिदर जिल्ह्यातल्या, भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या होतकरूंसाठी आहे. बुलढाण्याच्या मेहकरकरांनी विकत घेऊन पैसे वाया घालवू नयेत. त्यांच्या तहसीलदाराला मराठी येतं.

पात्रता. उमेदवार आठवी ते दहावीत असावा, कन्नड अडखळत का होईना वाचता यावं, आणि मुख्य म्हणजे कचेरीचा कन्नड कागद आला त्या घडीला तो घरात सापडावा. बहुतेक निवडी या तिसऱ्या अटीवरच होतात. पुढे उमेदवार शिकायला पुण्याला नाहीतर हैदराबादला जातो आणि पद धाकट्या बहिणीकडे येतं. प्रवेश परीक्षा नाही, फी नाही. मानधनाचं विचारू नये, बसस्टँडवर भजी मिळतात.

पूर्वपीठिका पाठ करावी, कारण धंदा खानदानी आहे. निजामाच्या अमलात कचेरीची भाषा उर्दू, त्यामुळे पणजोबा जमिनीचा कागद घेऊन उर्दू वाचणाऱ्याच्या ओट्यावर बसायचे. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यं झाली आणि जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे पडले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे. निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्याकडे. जहिराबाद, नारायणखेड आंध्राकडे. मामाचं गाव एका राज्यात, आत्याचं दुसऱ्या. सीमावादावर महाजन आयोग 1966 मध्ये बसला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला, 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर नाडकचेरीची, म्हणजे इथल्या महसूल कचेरीची, रांग कुणीतरी धरायला हवी, आणि ते कुणीतरी म्हणजे तू.

आता प्रत्यक्ष धडे. पहिला धडा बसण्याचा, तो दुभाष्यांच्या अभ्यासक्रमातही असतो. दोन बोलणारे समोरासमोर, दुभाषी मधोमध थोडा मागे, असा त्रिकोण करायचा, म्हणजे ते दोघं एकमेकांकडे बघून बोलतात, दुभाष्याकडे नाही. नाडकचेरीच्या खिडकीला गज आहेत आणि तिथे एकच तोंड मावतं. ते तोंड तुझं. आजोबा तुझ्या खांद्यामागे, त्यांच्यामागे आणखी पंधरा जण, आणि त्यातले दोघं तुझं कन्नड दुरुस्त करायला तयार. हा त्रिकोण नव्हे, पण घाबरू नये.

दुसरा धडा 'मी' म्हणण्याचा. व्यावसायिक दुभाषी 'ते म्हणतात की' असं लावत नाही. बोलणारा 'मी' म्हणाला की तोही 'मी'च म्हणतो. नियम चांगला आहे, वापरून बघ. "माझं नाव जमिनीच्या पहाणीवर चुकलंय, ही जमीन मी एकाहत्तर साली घेतली," असं तू कन्नडमध्ये सांगितलंस की कारकून चष्म्यावरून तुझ्या शाळेच्या गणवेशाकडे बघेल. दुसऱ्यांदा म्हणालास तर आधार कार्ड मागेल. तेव्हा मेहकर आवृत्तीत 'आमचे आजोबा म्हणतात' एवढी सवलत आहे. काम झालं नाही की कारकून 'नाळे बा' म्हणतो. त्याचं भाषांतर करत बसू नये. ते सर्व वयोगटांना आपोआप कळतं.

इथे एक थोर उदाहरण. 1674 मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील रायगडावर आला, त्याच्याबरोबर नारायण शेणवी दुभाषी होते. दरबारात गर्दी, सिंहासन लांब. ऑक्झिंडनने लिहून ठेवलंय की आपण मुजरा केला आणि नारायण शेणव्यांनी नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. तेव्हा महाराजांचं लक्ष गेलं आणि जवळ बोलावणं आलं. दुभाष्याचं निम्मं काम तोंड उघडण्याआधीच असतं. खिडकीपाशी जमिनीचा कागद असाच उंच धरावा.

दवाखाना. हा धडा लांब आहे, भजी खाऊन घ्यावीत.

डॉक्टर विचारतात, "एष्टु दिनदिंद?" तू आजीला विचारतोस, कधीपासून दुखतंय. आजी सुरू करते: "आवं, तुरी काढायला गेलते बगा, तवापासून. गठुडं उचललं अन् कळ आली. पर तवा सूनबाईचं बाळंतपण होतं, मग कुणाला बोलले न्हाई. रातीला लई घाम येतो." तू डॉक्टरांना सांगतोस, "एक महिना."

वेळ वाचला, रांग पुढे सरकली, सगळे खूश. फक्त ओझं, कळ, रात्रीचा घाम आणि अंगावर काढलेले दिवस, म्हणजे डॉक्टरांच्या कामाचं होतं तेवढं सगळं, तुझ्याकडेच राहिलं. परतीच्या वाटेवरही हेच. डॉक्टर चांगलं मिनिटभर समजावतात आणि तू आजीला सांगतोस, "काय न्हाई म्हणालेत, गोळ्या घ्या." गोळ्यांच्या बाबतीत एक खरा उपाय शिकून ठेव, तो पुस्तकी दुभाषीही वापरतात. कोणती गोळी कधी घ्यायची ते सांगून झाल्यावर आजीलाच ते परत सांगायला लाव. तिने 'दोन सकाळी' म्हटलं आणि कागदावर 'एक रात्री' असेल, तर चूक दवाखान्यातच सापडते.

मग डॉक्टर अंगावरून जाण्याबद्दल विचारतात. तू खाली बघतोस, कसंबसं विचारतोस. आजी नातवाकडे बघते, पदर सारखा करते आणि म्हणते, "न्हाई." तू ते 'न्हाई' जसंच्या तसं कन्नडमध्ये पोचवतोस. भाषांतर बिनचूक, उत्तर साफ खोटं.

इथे मार्गदर्शकाची थट्टा थोडी बाजूला ठेवतो. हे काम पोराचं नाहीच. अमेरिकेत 2016 च्या नियमाने दवाखान्यांना तातडीची वेळ सोडून अल्पवयीन मुलांकडून दुभाषीपण करून घ्यायला मनाई केली. ऑस्ट्रेलियाने 1973 मध्येच फोनवर दुभाषी मिळण्याची सोय केली. तिथल्यासारखा खर्च आपल्याकडे कोण करणार, असं कुणी म्हणेल. पण अमेरिकेत अशा दुभाष्यांचं पायाभूत प्रशिक्षण साधारण 40 तासांचं असतं: कुठे उभं राहायचं, 'जरा थांबा' कधी म्हणायचं, आकडे आणि नावं कशी टिपायची, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. मेहकरात आशाताई आहेत, त्या बाया आहेत, त्यांना दोन्ही भाषा येतात आणि आजी त्यांच्यापाशी पदर सारखा करत नाही. 40 तास शिकवायचेच तर त्यांना शिकवावेत, मानधनासकट. तोवर तू दाराबाहेर उभं राहायला शीक. तेही कौशल्य आहे.

कोर्टाचा धडा छोटा आहे, कारण तिथे तुला कुणी बोलावणार नाही. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला भर कोर्टात उलगडून सांगावी आणि दुभाष्याने ते खरेपणाने करावं, हे 1973 च्या फौजदारी संहितेतच होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. जेलात जाणाऱ्याला बांधील दुभाषी आणि ऑपरेशनला जाणारीला आठवीतला नातू, ही वाटणी कुणी केली ते विचारू नये. नाळे बा.

शेवटचा धडा सोयरिकीचा, आणि खरं पांडित्य इथेच लागतं. मुलगी आळंदच्या बाजूची, घरात कन्नड. मुलगा मेहकरचा, घरात मराठी. बैठकीत सतरंजीच्या मधोमध तुला बसवतील. थोड्या वेळात तुझ्या लक्षात येईल की दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना दोन्ही भाषा येतात. भालकीच्या बाजारात तेच लोक कन्नड, मराठी, दखनी सगळ्यांत घासाघीस करतात. मग तू कशाला? विचार करायला वेळ मिळावा म्हणून. मोठमोठे मुत्सद्दी समोरच्याची भाषा कळत असूनही दुभाषी ठेवतात ते याचसाठी. मुलीचा मामा चिडून कन्नडमध्ये काहीतरी बोलतो, मुलाचे काका ते ऐकून लाल होतात, आणि तरी सगळे तुझ्याकडे वळतात. स्वीडनच्या सेसिलिया वाडेनशो यांनी पोलिसांतली आणि दवाखान्यातली दुभाष्यासकट संभाषणं तपासून 1998 मध्ये पुस्तक लिहिलं. दुभाषी नुसती नळी नसतो, कुणी कधी बोलायचं हेही तोच चालवतो, असं त्यांनी दाखवलं. त्या मेहकरला आल्या नव्हत्या, तरी बरोबर लिहिलं. व्यावसायिक दुभाषी शिवीही पूर्ण पोचवतो. तू म्हणायचं, "मामा म्हणतात, आधी चहा घेऊ." दोन्ही बाजूंना हे भाषांतर चुकीचं असल्याचं कळतं आणि दोन्ही बाजू ते मान्य करतात.

परीक्षा तोंडी, नाडकचेरीत. वेळ: रांग संपेपर्यंत. प्रश्न एकच, गुण 100. आजोबा विचारतात, "सायेब, मपलं काम या म्हयन्यात हुईल का?" कारकून संगणकाच्या पडद्याकडे बघतो, खांदे उडवतो आणि पुढच्या माणसाचा कागद घेतो. खांद्यांचं मराठी करा. आजोबांना पुन्हा बसभाडं काढून यावं लागणार आहे, हे ध्यानात ठेवून.