कॉटेजकाका

ब्रिटनमधल्या प्रत्येक मराठी मंडळात एक कॉटेजकाका असतो. गणपतीची वर्गणी गोळा करणारे, दिवाळीला नाटक बसवणारे हे हंगामी लोक, कॉटेजकाका बारमाही. संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवता ठेवता तो आपल्याला कोपऱ्यात घेतो आणि विचारतो, "ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात काय करताय?" "अजून ठरलं नाही" असं आपण म्हणालो की आपलं ठरलेलं असतं. रात्री एक्सेलची फाइल येते. तिच्यात आपलं नाव, मुलांची वयं, झोपायची जागा आणि आपण कोणती डाळ किती आणायची हे सगळं भरलेलं असतं.

हॉटेल हा शब्द त्याच्यापुढे काढायचा नाही. "आठ माणसं, सात सकाळी. छप्पन्न ब्रेकफास्ट! आणि त्यातलं आपण खाणार काय? टोस्ट!" म्हणून भाड्याचं सेल्फ केटरिंग कॉटेज. घर मालकांचं, शेत मालकांचं, भांडी मालकांची. राबायचं आपण आणि वर पैसेही आपणच द्यायचे.

आमच्या रेडिंगच्या काकांचा ओढा वेल्सकडे, आणि वेल्समध्येही सेंट डेव्हिड्सकडे. पेम्ब्रोकशरच्या पार पश्चिम टोकाचं हे गाव. वस्ती दोन हजारसुद्धा नाही, पण कॅथीड्रल आहे, आणि १९९४ मध्ये राणीने शहराचा दर्जा दिल्यापासून ते ब्रिटनमधलं सर्वांत छोटं शहर आहे. भाडं खेड्याचं आणि फोटोखाली नाव शहराचं, हा सौदा काकांना पटतो.

तिथे जायला एम फोर हमरस्ता धरायचा आणि सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडायचा. या पुलाला पूर्वी टोल होता, तोही फक्त वेल्समध्ये शिरताना. परत यायला फुकट. २०१७ मध्ये मोटारीला ६.७० पौंड पडत. डिसेंबर २०१८ मध्ये टोल बंद झाला, पण काकांच्या फाइलीत तो अजून आहे, 'बचत' या रकान्यात. पूल आला की ते गाडी चालवता चालवता "सहा सत्तर" एवढंच म्हणतात आणि प्रसन्न होतात. सप्टेंबर २०२३ पासून वेल्सने वस्तीतली वेगमर्यादा ताशी वीस मैलांवर आणली. सगळ्या देशाने त्यावर आरडाओरडा केला. काका म्हणाले, "पेट्रोल वाचेल." हॅव्हरफोर्डवेस्ट सोडलं की रस्ता निमुळता होतो, आणि शेवटच्या दोन मैलांत दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच कुंपणं. समोरून ट्रॅक्टर आला की मागे कोण जाणार हा प्रश्नच नसतो.

कॉटेजच्या मालकीणबाई शेतकरीण. त्या भेटत नाहीत. किल्ली दाराजवळच्या आकड्यांच्या पेटीत आणि स्वतः त्या टेबलावरच्या जाडजूड फाइलीत असतात. प्लास्टिकच्या पिशवीत एकेक पान. काका ही फाइल उभ्याने, मोठ्याने, सत्यनारायणाच्या पोथीसारखी वाचतात. कोट उतरवायची कोणाला परवानगी नाही. अध्याय पहिला, कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग. अध्याय दुसरा, सेप्टिक टँक आणि त्यात काय काय जाऊ नये. तिसरा, लाकडाची शेगडी. चौथा, शेताचं फाटक उघडं टाकणाऱ्याची काय गत झाली. प्रसादही असतोच: मालकीणबाईंनी ताटलीत झाकून ठेवलेले, मनुका घातलेले वेल्श केक. मुलांची नजर तिसऱ्या अध्यायापासून तिकडे.

मग स्वयंपाकघराची झडती. अंडी उभी करून खायचे कप चौदा. वाइनचे ग्लास वीस. सांडशी नाही, लाटणं नाही, आठ जणांचा भात होईल असं पातेलं नाही. काकांना याचं दुःख होत नाही, उलट डोळे चमकतात. कारण डिकीतल्या खोक्यांत सगळं आहे. कुकर, मिक्सर, पोळपाट, मिसळणाचा डबा. तीन कुटुंबांचे कपडे एका बॅगेत आणि स्वयंपाकघर तीन गाड्यांत.

एका वर्षी फक्त कुकरची रिंग राहिली.

यादीत 'कुकर' होता, 'रिंग' नव्हती. शनिवारची रात्र धपाट्यांवर निघाली, छोले भिजत पडले आणि रविवारी दुपारी काकूंनी झाकण उलटं करून पाहिलं. घरात जे पसरलं त्याला सुतकच म्हणावं लागेल. काका एकटेच सोळा मैलांवरच्या हॅव्हरफोर्डवेस्टला गेले. रविवारी मोठी दुकानं सहा तासच उघडी ठेवायची, असा इंग्लंड-वेल्सचा १९९४चा कायदा आहे. दुकान चारला बंद, काका पोहोचले पावणेचारला. हॅव्हरफोर्डवेस्टमध्ये आपल्या कुकरची रिंग मिळणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक असावं. ते परतले ते डब्यातले शिजवलेले छोले घेऊन. एरवी या डब्यांविषयी त्यांचं मत ऐकवत नाही. इकडे काकूंनी जॅमच्या पातेल्यात सोडा घालून छोले कधीच शिजवले होते. काकांनी डबे गाडीतच ठेवले. पण काचेतून दिसत होते.

फोडणी पडली की धुराचा अलार्म वाजतो. यावर काकांचा उपाय म्हणजे 'अलार्म ड्यूटी': एका मुलाने खुर्चीवर उभं राहून टॉवेल हलवायचा. पाळ्या लावलेल्या आहेत. घरी साखरेचा डबा न सापडणारा हा माणूस इथे भांडी घासतो, केर काढतो, कांदा मात्र "बायकांना छान जमतो" म्हणून पुढे सरकवतो. विश्रांती मिळाली का, असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ओटा बदलला."

बाहेर १८६ मैलांची किनाऱ्याची पायवाट आहे, रॅमझी बेटाभोवती सील आहेत, व्हाइटसँड्सची चौपाटी आहे. हे सगळं फाइलीत 'दुपार' या शीर्षकाखाली येतं. कॅथीड्रल मात्र काकांच्या खास जिव्हाळ्याचं. ते खोलगट जागी बांधलेलं आहे. वेशीतून त्याच्याकडे उतरायला ३९ पायऱ्या आहेत. काकांनी मोजल्या. बरोबर निघाल्या, तेव्हा त्यांनी देवळाकडे जरा आदराने पाहिलं. बाराव्या शतकात पोपने ठरवून दिलं होतं की सेंट डेव्हिड्सच्या दोन यात्रा म्हणजे रोमची एक. काकांनी तिथेच फोन काढून रोमचं विमानभाडं आठाने गुणलं. संत डेव्हिड भाकरी, पाला आणि पाणी एवढ्यावर राहत, असं सांगतात; हे ऐकून काकू म्हणाल्या, "त्यांच्याकडचा स्वयंपाक कोणीही करील."

शनिवारी दहाच्या आत घर सोडायचं. पावणेदहाला फरशी पुसून झाली होती, चमचे मोजून झाले होते आणि मालकीणबाई कुत्र्यासह हजर झाल्या. काकांनी वही काढली: मागची डावी शेगडी मंद आहे, फाइलीच्या अकराव्या पानावर बसची वेळ जुनी आहे. बाईंनीही खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. मग दोघं सेप्टिक टँकच्या झाकणाकडे चालत गेली. पाऊस सुरू झाला. आम्ही गाड्यांत बसून होतो. काकू काच खाली करून ओरडल्या, "अहो, दहा वीस झाले!" पण तिकडे दोन समानधर्मी भेटले होते.

टाकीकडून परत येताना काका पुढच्या वर्षाचं विचारत होते. रेडिंगला आणखी एक कुटुंब आलंय, अकरा जण चालतील का? बाईंनी मान हलवली. टाकी आठांची आहे. काकांनी तात्काळ मानलं; टाकीपुढे वाद नाही. त्यांनी वही मिटली आणि ओल्या चष्म्यातून तिन्ही गाड्यांकडे, एकेका तोंडाकडे, सावकाश पाहिलं.

आठवडाभर सर्वांत जास्त कुरकुर ज्याने केली होती, त्याने घाईने काच खाली केली. "काका," तो म्हणाला, "रिंग मी आणीन. दोन आणीन."