पथ्य काय फक्त सुनेनंच पाळायचं?

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे सरका, भिंतीपाशी. कुकर लावून आलेय, शिट्टी व्हायच्या आत सांगते. कोपऱ्यावरच्या काकू सुनेला घेऊन नांदेडला जाऊन आल्या. दवाखान्यात. हो हो, त्याच कामासाठी! लग्नाला दीड वर्ष झालं ना, आणि काकूंना तर हळद उतरायच्या आधीच नातू पाहिजे होता.

आता गंमत बघा, सून म्हणजे काकूंच्या सख्ख्या भावाची लेक. मामाची पोरगी केली म्हणून वाजतगाजत आणली. पण पाळणा हलेना म्हटल्यावर आत्याची सासू व्हायला कितीसा वेळ लागतो? संक्रांतीच्या हळदीकुंकवात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या खानदानात असं कुणाचं झालं नाही बाई." मी म्हटलं, काकू, तिचं माहेर म्हणजे तुमचंच खानदान की हो! बायका पदराआड हसल्या, आणि काकूंनी वाणाची वाटी अशी आदळली... जाऊ द्या.

तर काय सांगत होते, पथ्य. सगळं पथ्य सुनेलाच. पपई बंद, डिंकाचा लाडू चालू, गुरुवार धर, माहूरला अनसूयेच्या शिखरावर जाऊन ओटी भर. देवाचं कुणी नाही म्हणत नाही. पण रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसतात ना ते, खानदानी वैद्य म्हणे, त्यांच्याकडून काळी पावडर आणली. वर ना नाव, ना गाव, ना तारीख. मधातून चाटायची आणि मुलगाच होणार याची गॅरंटी! आमच्या नणंदेची सून फार्मसी शिकलेली, तिनं ऐकलं आणि डोक्याला हातच लावला. म्हणाली, तिकडे न्यूयॉर्कला २०११-१२ मध्ये सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं होतं, आणि सगळ्यांच्या घरात भारतातून आणलेली अशीच औषधं. म्हणजे लेकरासाठी घ्यायचं आणि लेकरालाच बाधायचं! सगळ्या आयुर्वेदाला नावं नाही ठेवत हो मी, पण बिननावाची पावडर पोटात कशाला घालायची?

आता नांदेडचं ऐका. हे मला खुद्द सुनेनं सांगितलं, गच्चीवर कुरडया घालताना. डॉक्टर मॅडमपुढे तिघं बसलेले. काकूंनी सुनेची फाईल पुढे सरकवली. मॅडमनी ती बाजूला ठेवली आणि मुलाला विचारलं, "तंबाखू? गुटखा?" तो म्हणतो, "नाही... म्हणजे कधीमधी." सून पंख्याकडे बघायला लागली. आणि त्यानं घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर गुटख्याची पुडी टप्पकन मॅडमच्या टेबलावर! राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणतात, आणि पुडी अशी मॅडमच्या नाकासमोर. काकूंचा चेहरा तर... मी नुसतं ऐकूनच पोट धरून हसले बाई.

मॅडम म्हणाल्या, आधी यांची तपासणी. सोपी असते, चिरफाड नाही, काही नाही. लेकरू राहत नाही तेव्हा निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काहीतरी कारण असतं. काकू लगेच, "आमच्या बाळाला काय झालंय? दोन पोती उचलतंय की एका दमात!" मॅडम थंडपणे म्हणाल्या, "पोत्यांचा इथे संबंध नाही." झालं, काकू पार गप्प.

मग निघालं सगळं. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात म्हणे. म्हणजे आज सोडलेल्या पुडीचा गुण तीन महिन्यांनी दिसायचा. आणि त्या बीजाला अंगापेक्षा दोन-तीन अंश गारवा लागतो. यांचं हॉटेल बसस्टँडजवळ, पोरगा दिवसभर भट्टीपुढे उभा, वर घट्ट जीन्स. मॅडम म्हणाल्या, भट्टीवर गडी ठेवा, तुम्ही गल्ल्यावर बसा. तंबाखू बंद, दारू बंद.

सुनेचं म्हणाल तर हिमोग्लोबिन नऊ. तिचं एकटीचं कशाला, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या शंभरातल्या चोपन्न बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आधी वाढायचं, मग उरलंसुरलं खायचं, दुसरं काय होणार? तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. वर अंबाडी, शेपू, राजगिरा खा, भाजीवर लिंबू पिळ, आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. इथे काकूंचा चेहरा दुसऱ्यांदा पडला. जेवण झाल्याबरोबर चहा लागतो कुणाला? त्यांनाच की!

शिवाय फोलिक ॲसिडची गोळी, रोज चारशे मायक्रोग्रॅम, आणि तीही दिवस जायच्या निदान महिनाभर आधीपासून. काकू म्हणाल्या, "आधी दिवस तर जाऊ द्या, मग बघू गोळीचं." तर मॅडम म्हणाल्या, बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतो ती पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच मिटते. तोवर कितीतरी बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. मग सुरू केलेल्या गोळीचा त्यासाठी काय उपयोग? थायरॉईड, शुगर, रुबेलाचं बघायला सांगितलं. रुबेलाची लस घ्यावी लागली तर पुढे महिनाभर थांबायचं. आणि नात्यातलं लग्न म्हणून दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणी.

हे खाण्याचं आधीपासूनचं खरंच हो. मुंबईत झोपडपट्टीतल्या बायकांना २००६ पासून रोज पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ दिला होता, 'सरस' नावाचा प्रकल्प. समोर बसवून खायला लावायचे! दुसऱ्या गटाला नुसता बटाट्या-कांद्याचा. ज्यांनी दिवस जायच्या तीन महिने आधीपासून भाजीचा खाऊ खाल्ला, त्यांच्या लेकरांचं वजन सरासरी अठ्ठेचाळीस ग्रॅमनी जास्त भरलं. थोडंच म्हणा, पण गरोदरपणातली शुगरसुद्धा कमी जणींना झाली, बटाट्यावाल्यांत शंभरात बारा, तर भाजीवाल्यांत सात. आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण घालून ताट भरतो, आणि त्याआधी पोरीच्या ताटात काय पडतं ते कुणी बघतं का?

बरं, पुढची गंमत राहिलीच. काकूंनी मॅडमना हळूच विचारलं, "मुलासाठी तिथी कोणती चांगली?" अहो, कीर्तनकार इंदुरीकर महाराजांचं ते सम-विषम तिथीचं बोलणं २०२० मध्ये केवढं गाजलं! प्रकरण संगमनेरच्या कोर्टात गेलं, तिथून औरंगाबाद खंडपीठात, आणि २०२३ मध्ये खंडपीठानं खटला पुन्हा चालू केला. आपलं गाव धुंडा महाराजांचं, कीर्तन म्हटलं की आपण पहिल्या रांगेत. पण मॅडम म्हणाल्या, तिथी नको, पाळीची तारीख लिहून ठेवा. पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बाईचं बीज सुटतं आणि दिवसभरच टिकतं. पुरुषाचं मात्र पाच दिवस तग धरतं. म्हणून बीज सुटायच्या आधीचे चार-पाच दिवस आणि तो दिवस महत्त्वाचा. आणि मुलगा की मुलगी ते बापाच्या बीजावर ठरतं. तिसऱ्यांदा चेहरा! "मग इतके दिवस मी हिलाच..." एवढं बोलून काकूंनी पर्समधलं काहीतरी शोधायला घेतलं. काय शोधत होत्या देव जाणे.

तर आता रिपोर्ट आलाय. दोष थोडा त्याच्याकडेच, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचंय. पोरगा खिशात बडीशेप ठेवतो, दोघं संध्याकाळी फिरायला जातात. आणि काकू? काल भाजीवालीपाशी सांगत होत्या, "मीच म्हटलं होतं, दोघांचीही तपासणी करा!" मी आणि सून, आम्ही एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही.

वर्षभर वाट बघून तरी गेल्या हे बरं केलं. पस्तिशी उलटलेली असली तर सहा महिन्यांतच जावं म्हणतात. पण मी म्हणते, वाट कशाला बघायची? तुमच्या पुतण्याचं लग्न दिवाळीनंतरचं ना? मग वेळ आहे अजून. नवरीला फोलिकची गोळी सुरू करा, आणि नवऱ्या मुलाच्या आईला सांगा, याद्या करताना मानपानाच्या आधी पुडी सोडायचं लिहून घ्या म्हणावं. मी सांगितलं म्हणू नका मात्र... अगं बाई, चौथी शिट्टी झाली!