उसातलं भूत हमरापुरात

मूळ सरस की नक्कल सरस, यावर बोलायचा अधिकार महाराष्ट्रात कुणाला असेल तर तो हमरापूरला. पेण तालुक्यातलं हे गाव बारा महिने दुसरं काही करतच नाही. कुणी जाणता हात शाडूत एक मूर्ती घडवतो, तिच्यावरून रबराचा साचा निघतो आणि मागणी आटेपर्यंत त्या साच्यातून तोच बाप्पा बाहेर पडत राहतो. पडद्यावरचं उचलण्यातही गाव मागे नाही. २०१४ मध्ये ‘जय मल्हार’ मालिका लागली आणि गणपतीच्या अंगावर खंडोबाचा साज चढला. २०१५ मध्ये ‘बाहुबली’ आला, तर बाप्पाच्या खांद्यावर शिवलिंग. देवाची तक्रार नाही, गिऱ्हाईक खूश, कारखानदाराची दिवाळी भाद्रपदातच. त्यामुळे कुणी ‘रिमेक’ हा शब्द फार मोठ्याने उच्चारला की आमच्या मामाला हसू येतं.

मामाचा कारखाना दिवा-रोहा गाडीचा भोंगा ऐकू येईल इतका स्टेशनाजवळ आहे. आषाढ लागला की तिथे रात्र होत नाही. मी मदतीला जातो, म्हणजे पॉलिश पेपर हातात धरून बसतो. माझी खरी नेमणूक मोबाइलवर काय लावायचं हे ठरवण्याची. रंगाच्या डब्याला टेकवलेला मोबाइल, बाहेर धो धो पाऊस, मधूनच जाणारी वीज, आणि सभोवार फळ्यांवर ओळीने बसलेले पांढरेफटक गणपती, ज्यांना अजून डोळे यायचे आहेत. भयपटासाठी याहून चांगलं थिएटर मुंबईत मिळायचं नाही.

डोळे मामी काढते. आखणी हे कारखान्यातलं सगळ्यात मानाचं काम. बाकी चुकलं तर पुन्हा रंग मारता येतो, डोळा चुकला की देव भलतीकडेच बघायला लागतो. मामीचा श्वास रोखलेला, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली आणि बारीक कुंचला पापणीवरून असा फिरतो की बघणाऱ्याने खोकायलाही परवानगी घ्यावी. ती सिनेमा बघत नाही, ऐकते. म्हणूनच भयपटाची पारख करायला माझ्याकडे खात्रीचं एकच यंत्र आहे: मामीचा हात. तो हलला तर सिनेमा पास.

तिथे ‘लपाछपी’ लावला. विशाल फुरिया या दिग्दर्शकाचा हा मराठी सिनेमा २०१७ मध्ये चित्रपटगृहांत लागला होता. दिवस भरत आलेली नेहा, म्हणजे पूजा सावंत, नवऱ्याबरोबर शहरातून पळून येते आणि उसाच्या फडातल्या एका एकाकी घरात आसरा घेते. घरात तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक. फडात लपाछपी खेळणारी पोरं, जी असायला नकोत. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की खरी भीती भुतांची नाही, मुलगी नको म्हणणाऱ्या जिवंत माणसांची आहे.

तुळसाबाई नेहाची काळजी घ्यायला लागली तेव्हा मामी खूश होती. “चांगली हाय गो बाई,” असं प्रशस्तिपत्रकही तिने कुंचला न थांबवता दिलं. मग तुळसाबाईचा आवाज किंचित बदलला. चढला नाही, बदलला. आणि मामीचा हात हलला. त्या गणपतीची डावी भुवई अशी काही वर गेली की बाप्पा दर्शनाला आलेल्या प्रत्येकावर संशय घेणार हे नक्की झालं. मामाने ओल्या फडक्याने ती पुसली आणि पुसतापुसता माझ्या नावाने जे बोलला ते मूर्तींसमोर बोलायला नको होतं.

पुढे त्याच फळीसमोर ‘छोरी’ लावला. त्याच विशाल फुरियांनी स्वतःचाच सिनेमा हिंदीत केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ॲमेझॉन प्राइमवर आला. नेहाची साक्षी झाली, पूजा सावंतच्या जागी नुसरत भरुचा, आणि तुळसाबाईच्या जागी भन्नो देवी, म्हणजे मीता वशिष्ठ. ऊस तोच. पोरं तीच. पैसा जास्त, अंधार जास्त महागाचा, फड वरून बघितला तर थेट भूलभुलैयाच. नुसरत भरुचा मनापासून घाबरते, आणि मीता वशिष्ठ किती ताकदीची नटी आहे हे वेगळं सांगायला नको. एवढं सगळं होऊन मामीने एक आख्खी फळी आखून संपवली. एकही बाप्पा संशयी झाला नाही.

“भ्या नाय वाटला?” मामाने विचारलं.

“ती पयल्यापासूनच वाईट हाय,” मामी म्हणाली. “तिच्या घरात मी पानीपन पिली नसती.”

समीक्षकांनी दोन्ही सिनेमांवर रकाने भरून लिहिलं असेल, पण एवढ्या कमी शब्दांत दुखणं कुणी सांगितलेलं मी वाचलं नाही. उषा नाईक म्हणजे ‘एक हजाराची नोट’मधली बुढी. हजाराच्या नोटा हाती आल्या तरी काय करायचं ते न कळणारी गरीब म्हातारी. तो चेहरा मराठी माणसाने आधीच घरात घेतलेला. मीता वशिष्ठना देशाने ‘कहानी घर घर की’मध्ये तृष्णा म्हणून पाहिलं, आणि त्या तृष्णेने घरोघरीच्या सासवांचा रक्तदाब वाढवला होता. त्या दारात उभ्या राहिल्या की प्रेक्षक आपणहून दोन पावलं मागे सरतो. साचा एकच, मूळ मूर्ती घडवणाराही एकच. फरक पडला तो आखणीत. एकीचे डोळे मायेचे काढून नंतर फिरवले, दुसरीचे पहिल्यापासून वटारलेलेच.

तरी दिग्दर्शकाला मी दोष देणार नाही. स्वतःच्याच साच्यातून दुसऱ्यांदा मूर्ती काढणं अवघडच. साचा हुबेहूब ठेवून भागतं असंही नाही. गस व्हॅन सँट या दिग्दर्शकाने १९९८ मध्ये हिचकॉकचा १९६० चा ‘सायको’ जवळजवळ दृश्यागणिक पुन्हा चित्रित केला, वर रंगीत. न्हाणीघर होतं, सुरी होती, किंकाळीसुद्धा जागच्या जागी होती. फक्त लोक घाबरले नाहीत. उलट १९९३ च्या मल्याळम ‘मणिचित्रताळ’मध्ये केरळच्या वाड्यातली नायिका तमिळ नर्तकी होऊन बोलते; २००७ च्या ‘भूल भुलैया’त तीच बंगाली मंजुलिका झाली. हिशेब सोपा: घराला परकी वाटेल अशी भाषा भुताच्या तोंडी हवी. हे ज्याला कळलं त्याने भूत बदललं आणि भीती तशीच ठेवली.

आणि मराठी माणसाने केलेलं सर्वांत यशस्वी परदेशी भूत कोणतं? तात्या विंचू. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’मधल्या बाहुल्यावरून महेश कोठारेंनी १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ केला. रामदास पाध्यांनी बाहुला बनवला, दिलीप प्रभावळकरांनी तात्या उभा केला, लक्ष्मीकांत बेर्डे त्याला घाबरले आणि आपण पोट धरून हसलो. अमेरिकेत त्यांच्याच बाहुल्याची २०१९ मध्ये नवी आवृत्ती निघाली. त्यात तो झपाटलेला नाही, कारखान्यातल्या वैतागलेल्या कामगाराने त्याची संगणकी अक्कल बिघडवलेली. आपला तात्या असा बिघडला असता तर लक्ष्याने त्याला मंडईत दुरुस्तीला टाकला असता आणि सिनेमा मध्यंतरालाच संपला असता.

पण मामीचं समाधान झालं नव्हतं. तिची मुख्य हरकत उसावर होती. ऊस घाटावरचा. पेणच्या बाजूला भात, मिठागरं आणि खाडीकाठची खारजमीन. इथल्या भुतांचं पोट उसावर भरत नाही. पाण्यात ओढणारा गिऱ्हा, रात्रभर त्याच बांधावर फिरवणारा चकवा, पिंपळावरचा मुंजा: सगळे आपापली हद्द सांभाळून असतात. उसाच्या फडात माणूस हरवतो हे मामीला पटलं. पण तिवरांत भरती चढताना हरवलेला माणूस तिने लहानपणापासून ऐकलेला, त्यापुढे फड म्हणजे तिला परसबागच.

मग रात्री दोनला, एका फळीचं सोनेरी वाळेपर्यंत, हमरापूरच्या आवृत्तीची जुळणी झाली. ऊस काढायचा, तिवरं घालायची. नवरा-बायको मोटारीतून न येता शेवटच्या गाडीने उतरतील, म्हणजे परत जायची सोय आपोआप बंद. आसरा घेतील तो गणपतीच्या कारखान्यात, बिनडोळ्यांच्या फळ्यांमध्ये. मामाने निर्मितीखर्चाचा अंदाज काढला आणि चित्रीकरण अनंत चतुर्दशीनंतरच, त्याआधी माणसं मिळणार नाहीत, अशी अट घातली. ‘छोरी’चा दुसरा भाग २०२५ मध्ये आला, त्यात सोहा अली खान आहे, तेव्हा आपणही दुसऱ्या भागासाठी कुणीतरी मोठी नटी राखून ठेवावी, असंही तो म्हणाला. पहिल्या भागातली म्हातारी कोण, यावर सगळ्यांच्या नजरा मामीकडे वळल्या. पोटुशीला मायेने पानावर बसवणारी, घावणे वाढणारी, “अजून एक घे गो” म्हणणारी.

मामीने कुंचला पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला आणि विचार करून होकार दिला.

“पन घावने दुसरं कुनी करायचं,” ती म्हणाली. “रातचं काम करून सकाली चूल पेटवायला मी काय भूत हाय?”