बिनकमिशनचा एजंट

एप्रिल संपत आला, अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकला, की वऱ्हाडी माणसाचं मन मनाली-मसुरीकडे धावायला लागतं. मनाला आरक्षण लागत नाही, देहाला लागतं, तिथेच सगळी भानगड. हाताशी चिखलदरा आहे म्हणा. पण ज्यांचं तोंड चुकवायला घर सोडावं, तेच शेजारी भीमकुंडाच्या कठड्याशी मक्याचं कणीस खाताना भेटतात.

पूर्वी आरक्षणाच्या कामाला अमरावतीत, राजापेठेत आमचे ठरलेले एजंट होते. टेबलावर काच, काचेखाली तिरुपती, वैष्णोदेवी आणि त्यांच्याच मुलाचा शाळेतला फोटो. आमच्या आजीचं खरं वय जगात फक्त त्यांना ठाऊक होतं, कारण ज्येष्ठांच्या सवलतीसाठी ते सांगणं भाग पडलं होतं. (2020 पासून ती सवलतच बंद झाली आणि आजी सुटली.) "कोन कोन चाल्लं?" इथून चौकशी सुरू व्हायची. "काकूच्या गुडघ्याचं कसं हाय? मंग खालचाच बर्थ पाह्यजे. अन् गाडी बडनेऱ्याहून हाय बरं, अमरावती टेशनवर जाऊन उभं राहू नका!"

ही शेवटची सूचना लाखमोलाची. मुख्य लाइन बडनेऱ्याहून जाते. अमरावती हे तिथून फुटलेल्या फाट्याचं टोक. मुंबईची आमची गाडी इथून सुटते, पण लांबच्या बऱ्याच गाड्यांसाठी बडनेराच गाठावं लागतं. रेल्वेच्या वेबसाइटला हे दुःख कळत नाही. तिच्या लेखी अमरावती म्हणजे 'एएमआय' आणि बडनेरा म्हणजे 'बीडी'. "आपल्याला बीडीवरून बसायचंय," हे ऐकून आमच्या आजोबांनी आधी खिसा चाचपला होता.

हॉटेलांच्या अॅपचं तर विचारूच नका. पाहुण्यांसाठी अमरावतीत खोली शोधायला जावं, तर ते थेट आंध्रातल्या अमरावतीत, कृष्णाकाठी नेऊन बसवतं. आमची अंबादेवी कितीही जागृत असली, तरी तिथे राजधानीचाच नंबर आधी लागतो.

या एजंटांचा, म्हणजे सहलीच्या धंद्याचा, आद्य पुरुष थॉमस कुक. त्याने 1841 मध्ये लेस्टरहून लफबरोला रेल्वेने लोक नेले, माणशी एक शिलिंग. निमित्त काय, तर दारूबंदीची सभा! गोव्याला निघालेल्या भाच्याला मी हे मुद्दाम ऐकवलं. मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "मंग रिफंड भेटला काय त्यायले?"

ऑनलाइन आलं आणि एजंट संपला, असं सगळे म्हणतात. संपला कुठे? तो घरात आला. हल्ली प्रत्येक खानदानात एक माणूस या कामाला जुंपलेला असतो. आमच्याकडे तो मी. माझ्या अंगी गुण एकच, पासवर्ड लक्षात राहतो. सासर अकोल्याचं, त्यामुळे शाखा दोन. राजापेठेतले रात्री आठला शटर ओढायचे, मला शटरच नाही. त्यांना कमिशन मिळायचं. मला सासुरवाडीला पोह्यांवर शेव जास्त मिळते.

सरकारनेही माझी नेमणूक पक्की केली आहे. जुलै 2025 पासून आधारशी जोडलेलं खातं नसेल तर तत्काळचं ऑनलाइन तिकीट नाही, आणि बुकिंग उघडल्यावरचा पहिला अर्धा तास अधिकृत एजंटांना मज्जाव. म्हणजे ज्या अर्ध्या तासात खरी मारामारी, त्यात धंदेवाले बाहेर आणि हौशे आत. एसीची वेळ दहाची. पावणेदहापासून घरात मिक्सर बंद, टीव्ही बंद, वायफायला कोणी हात लावायचा नाही. दहाच्या ठोक्याला नावं भरली, कॅप्चाची वाकडी अक्षरं ओळखली, बर्थ दिसले. पैसे मात्र बाबांच्या खात्यातून, त्यामुळे बँकेचा ओटीपी बाबांच्या मोबाइलवर. मोबाइल देवघरात चार्जिंगला. चष्मा सापडेपर्यंत निम्मा डबा भरलेला असतो. मग ते पाढे म्हणावेत तसा एकेक आकडा सांगतात, "चार... आठ... हा सात हाय का एक?" तोवर वेटिंग लागलेलं असतं.

अकोल्याची शाखा तर रुसलेलीच. एप्रिल 2025 मध्ये आमच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईचं विमान सुरू झालं, आणि त्यांच्या शिवणीला धावपट्टी असून प्रवासी विमान नाही. त्या रागात मामासासऱ्यांनी यंदा माझा राजीनामाच घेतला. "जवाईबापू, तुमच्या त्या वेटिंगपेक्षा कंपनीची टूर बरी. तिकीट त्यायचं, जेवन त्यायचं, आपन फक्त टोपी घालाची." मी मनापासून शुभेच्छा दिल्या आणि गाढ झोपलो.

मध्यरात्री मनालीहून फोन. "जवाईबापू, गिझर सुरू होऊन नाई राह्यला. जरा हाटेलवाल्याले फोन लावा ना."

"मामा, तुमच्या टूर मॅनेजरला सांगा की."

"तो झोपला असंन ना बापा," मामा म्हणाले. "परक्या मानसाले एवढ्या राती कायले उठवाचं? तुमी तं घरचेच."