बेचाळिसाव्या कलमाची मिरची

रविवारच्या पुरवणीत परदेशी वकिलातीतल्या मराठी कुटुंबावर पान निघालं की त्यात कुंडी असतेच. देश कोणताही असो, बाहेर बर्फ असो की वाळवंट. साहेब बंदगळ्यात, मॅडम पैठणीत, मुलाच्या हातात गिटार, मुलगी कथकच्या मुद्रेत, गालिच्यावर कुत्रा, आणि या सगळ्यांच्या मागे खिडकीच्या कडेला कुंडी. कुंडीत मिरची. मथळाही ठरलेला: ‘सातासमुद्रापार फुलवली मायमातीची हिरवाई’. मजकुरात मॅडम सांगतात की बी रुमालात बांधून नेलं होतं, पहिल्या वर्षी रुसलं, दुसऱ्या वर्षी उगवलं आणि पहिली मिरची लागली त्या दिवशी घरात सण झाला. एकूण किती लागल्या, हेही छापून येतं. समजा, ११. अकरा मिरच्यांना चार रकाने आणि रंगीत फोटो.

आता जरा धावड्याकडे या. भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगराकडेचं हे गाव. धावडा, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई या पट्ट्यात मिरची कुंडीत लावायची पद्धत नाही, एकरात लावतात. ऊन डोक्यावर तापत असताना बेड ओढायचे, ठिबकच्या नळ्या पसरायच्या, वर मल्चिंग पेपर अंथरायचा, त्याला भोकं पाडून रोपं लावायची आणि विहिरीचा तळ दिसायच्या आत पाऊस यावा म्हणून आभाळाकडे बघायचं. पावसाळा लागता लागता तोडे सुरू होतात. मग गोणी, काटा, आडत, हमाली, ट्रक. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हा माल परराज्यात जातो, कधी देशाबाहेरही. म्हणजे सातासमुद्रापार जाण्याचा मान धावड्याकडच्या मिरचीलाही आहे, फक्त तिचा तिथे फोटो निघत नाही. हिशेबच मांडायचा तर मांडू. एक मिरची ढोबळमानाने १० ग्रॅमची धरा. क्विंटलला झाल्या १०,००० मिरच्या. अकरांना चार रकाने, या दराने दहा हजारांना साडेतीन हजारांहून जास्त रकाने. आठ रकान्यांचं पान धरलं तर साडेचारशे पानं. ही झाली एका क्विंटलची. एकरभराची लागली तर वर्तमानपत्राला बाकीचं जग बंद ठेवावं लागेल: क्रिकेट नाही, राशिभविष्य नाही, सोन्याचा भाव नाही, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत नुसती मिरची, आणि संपादकीयात तिच्या देठाची लांबी. तेवढं कोणी मागत नाही. पण प्रत्यक्षात जे मिळतं ते असं: पाचव्या पानावर, जाहिरातीच्या खाली, ‘आवक वाढली, मिरची घसरली’. या चार शब्दांत सगळा तालुका बसवलेला असतो.

कोणी म्हणेल, ही तुलनाच चुकीची. तो छंद आहे, ही शेती आहे. अगदी बरोबर, आणि माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो. छंद म्हणजे काय? जे काम बुडालं तरी संध्याकाळच्या जेवणावर परिणाम होत नाही, त्याला छंद म्हणतात. झाड तेच, माती तीच, पाणी घालणारा हातही तसाच. बुडण्याची किंमत मात्र वेगळी. या बाबतीत राजनैतिक कुटुंबाची सोय जगाने कागदावर करून ठेवली आहे. १९६१ चा व्हिएन्ना करार काढून बघा. तिसाव्या कलमाने अधिकाऱ्याचं राहतं घर अभेद्य, यजमान देशाच्या पोलिसाला परवानगीशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. छत्तिसाव्याने घरच्या वापराच्या सामानाला जकात माफ. खासगी सामान उघडायचं तर तसाच ठोस संशय हवा आणि तेही त्याच्या किंवा त्याच्या माणसाच्या समक्ष. सदतिसाव्याने ही कवचकुंडलं एका छपराखालच्या कुटुंबालाही. आणि मग येतं बेचाळिसावं कलम, माझं सगळ्यात आवडतं. त्यात म्हटलंय की राजनैतिक अधिकाऱ्याने यजमान देशात स्वतःच्या नफ्यासाठी कोणताही व्यवसाय किंवा व्यापार करू नये. कुंडीचा उगम या कलमात आहे. ज्या घरात नफ्याला मनाई, त्या घरात जे पिकेल तो छंदच. अकरा मिरच्या बाजारात नेता येत नाहीत, म्हणून त्यांचा भावही पडत नाही. धावडा हा काही कोणाचा दूतावास नाही, त्यामुळे तिथे बेचाळिसावं कलम लागू असण्याचं कारण नाही. पण विक्रीची पट्टी हातात पडल्यावर हमाली, तोलाई, भाडं आणि तोडणीची मजुरी वजा करून बघा. नफा न होऊ देण्याचं काम तिथे कराराशिवायच चोख पार पडतं. उरतं ते एवढंच की छत्तिसाव्या कलमाची जकातमाफी मात्र कोणी सोबत पाठवलेली नाही.

पांढऱ्या माशीचंच घ्या. पोलिसाला मज्जाव असलेल्या घरात ती बिनदिक्कत शिरते, तिला करार वाचता येत नाही. मॅडम मग साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसतात आणि पुरवणी त्याला ‘निसर्गाशी हळुवार संवाद’ म्हणते. इकडे फुलकिडे आणि पांढरी माशी आली की पानं आकसतात, कोकडा पडतो, आणि संवादाला वेळ नसतो. कृषी केंद्रात उधारी, पाठीवर पंप, तोंडाला फडकं. न फवारावं तर झाड जातं, फवारावं तर गिऱ्हाईक जातं. २०१४ साली सौदी अरेबियाने भारतातल्या हिरव्या मिरचीची आयात थांबवली, ती कीटकनाशकांचे अंश सापडतात म्हणूनच. त्याच वर्षी युरोपीय संघाने हापूस आंब्याला आणि वांगं, कारलं, पडवळ, अळूला दारं बंद केली. कारण फळमाशीसारखी कीड. हापूसचं नाव मोठं, त्यामुळे त्याची ओरड मोठी झाली आणि पुढच्याच वर्षी त्याच्यापुरतं दार उघडलं. मिरचीसाठी कोणी गळा काढला नाही. मिरचीने डोळ्यांत पाणी आणायचं असतं, तिच्यासाठी आणायचं नसतं, अशी आपली समजूत असावी.

यावर जाणकार लगेच सांगतील की अशी बंद दारं उघडायला परदेशातली हीच मंडळी खपतात. अंशाच्या मर्यादा, तपासणीच्या पद्धती, कागदपत्रं यांवर महिनोन्‌महिने बोलतात. मान्य. मनापासून मान्य. मग विचारा की त्यांना ते! त्या देशात मिरचीवर कोणत्या औषधाचा किती अंश चालतो, परत आलेल्या मालाचं नुकसान कोणाच्या माथी बसतं, भोकरदनच्या शेतकऱ्याला तपासणी कुठे करून मिळेल, एवढं जरी त्या चार रकान्यांत आलं असतं तरी ते पान कात्रण करून जपावं असं झालं असतं. ज्याला खरोखर काही ठाऊक आहे अशा माणसासमोर बसायचं आणि विचारायचं काय, तर ‘कुंडीला पाणी कोण घालतं?’ चीड येते ती इथे. मॅडमने मिरची लावली यात काही गैर नाही, लावावी, ठेचाही करावा. पण आपल्या पुरवण्यांना काम दिसत नाही, काम करणाऱ्याच्या घरचे पडदे दिसतात. त्याच्या टेबलावरची फाइल कंटाळवाणी, खिडकीतली कुंडी हृदयस्पर्शी! आणि असं पान लिहिणारे पुढच्या रविवारी ‘तरुण पिढी गंभीर वाचत नाही’ यावर परिसंवाद छापतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दर तीन-एक वर्षांनी बदली, मुलांची शाळा बदलते, मित्र सुटतात, भाषा बदलते. सोबत गेलेल्या जोडीदाराला स्वतःची नोकरी सोडावी लागते आणि तिथे काम करायचं तर दोन देशांत तसा समझोता असावा लागतो. अशा माणसाला एक कुंडीही लाभू नये का? लाभावी. उलट मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो की त्या बाईचं घरगुती जीवन ही नोकरीच आहे, फक्त तिला पगार नाही. वीस माणसांचं जेवण, कोण कोणाशेजारी बसणार याची आखणी, कोणी काय खात नाही याची यादी, दिवाळीला पाहुण्यांच्या ताटात चकली आणि दोन शब्द त्यांच्या भाषेत. हा राज्यकारभार आहे आणि तो फुकट करून घेतला जातो. आपल्याकडे परराष्ट्र सेवेतल्या बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि संसारामुळे कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं तर तिने नोकरी सोडावी, असा नियम होता. १९७९ साली प्रकरण न्यायालयात निकाली निघालं तेव्हा सरकारने तो गुंडाळत असल्याचं सांगितलं. पुरुषाच्या संसाराने अडथळा येतो असं कोणाला वाटलं नव्हतं, कारण त्याचा संसार करायला बायको होती. म्हणजे अधिकारी बाईचा संसार हा अडथळा, आणि अधिकाऱ्याच्या बाईचं काम हा छंद. ‘मॅडमना पाककलेची आवड’ असं लिहिलं की वीस पानांच्या वाढपाचा पगार वाचतो.

छंद या शब्दाचा हा उपयोग ध्यानात आला की धावड्याच्या शिवारातला त्याचा जुळा भाऊही ओळखू येतो. त्याचं नाव ‘मदत’. तिथे बाई बेडवर रोपं लावते, निंदते, तोडते, गोणी शिवते. विचाराल तर उत्तर येतं की घरच्यांना शेतात मदत करते. सातबाऱ्यावर तिचं नाव लावायला १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती या सरकारी योजनेची वाट मोकळी आहे, पण मदत करणाऱ्याचं नाव कशाला लावायचं? एकीच्या कामाला आवड म्हटलं, दुसरीच्या कामाला मदत म्हटलं, दोघींचा हिशेब मिटला. त्यातल्या एकीला निदान फोटो मिळाला.

तसं पाहिलं तर काम सोडून घरचे पडदे बघण्याची ही खोड आजची नाही. धावड्याहून पश्चिमेला अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या पहिल्या लेण्यात परदेशी पोशाखातली माणसं राजाकडे आलेली दाखवली आहेत. एकोणिसाव्या शतकात तो प्रसंग म्हणजे इराणच्या दुसऱ्या खुस्रोचा वकील दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात आला, असा ठरवला गेला. पुढे तारखा जुळेनात; पुलकेशी सातव्या शतकातला आणि लेणं त्याच्या बरंच आधीचं, म्हणून आता ते जातककथेतलं चित्र मानतात. पण त्याच लेण्याच्या छताकडे मान वर करून बघा: उंच टोपीचा, दाढीवाला परदेशी ऐटीत बसलाय, हातात प्याला, बाजूला बाई, सेवकांच्या हातात सुरई. तो कुठून आला, कशासाठी आला, काय विकायला आणलं होतं, कशाचा करार झाला, एका अक्षराचा पत्ता नाही. त्याचा प्याला मात्र दीड हजार वर्षं छतावर टिकला. पुरवणीचं पान तेव्हाच लागलं होतं, एवढंच. फक्त कुंडी राहिली, कारण मिरची पोर्तुगिजांबरोबर यायला आणखी हजारेक वर्षं बाकी होती.

तर पुढच्या रविवारी पान लावणाऱ्यांसाठी एक सोपी प्रश्नावली. भोकरदनच्या गाडीत बसा, धावड्याला उतरा, तोडा चालू असलेल्या वावरात जा आणि बांधावर उभं राहून एखादीला विचारा: ‘ताई, फावल्या वेळात काय करता?’ उत्तरासाठी रात्रीपर्यंत थांबावं लागेल. दिवसभर मिरची तोडून हात भगभगत असतात. ती ते आधी ताकात बुडवेल, मग तेल चोळेल, आणि तरीही लेकराच्या तोंडाला हात लावायच्या आधी ते पदराने दोनदा पुसेल. फोटो तेव्हा काढा. मागे कुंडी नसेल, गोणी असतील.