डबी कोण नेणार?

हावड्याच्या पिलखाना वस्तीत पॅरिसही पोचलं आणि हॉलिवूडही. फ्रेंच लेखक दॉमिनिक लापिएर यांनी १९८५ साली तिच्यावर ‘सिटी ऑफ जॉय’ लिहिलं, पुस्तक जगभर खपलं. १९९२ साली सिनेमा आला, त्यासाठी कोलकात्यात नकली झोपडपट्टी उभारली होती. गरिबी बांधायला पैसा मिळतो, याचा तो सज्जड पुरावा!

खऱ्या वस्तीत खोकणाऱ्याचं काय? दोन आठवड्यांवर खोकला गेला की क्षयाची तपासणी करावी, तीही सरकारी दवाखान्यात मोफत, असं भिंतीवर लिहिलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला थुंकीचे दोन नमुने लागतात : एक तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्यावरचा. म्हणजे दोन खेपा. फाउंड्रीतल्या मजुराचा आणि स्टेशनवरच्या हमालाचा रोज बुडाला की ‘मोफत’ची किंमत कळते. वर थुंकीची डबी हातात घेऊन गल्लीतून जायचं, तर शेजारी खोकल्याआधी मुलीच्या लग्नाची काळजी करतात.

ही अडचण फलकाला कळत नाही, शेजारणीला कळते. म्हणून पिलखान्यात फादर लाबोर्द यांच्या सोबतीने रहिवाशांनीच सेवा संघ समिती उभी केली. नदीपलीकडे कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून शरीरविक्रय करणाऱ्या बायांनाच आरोग्यसेविका केलं. आपल्या सांगलीत मीना सेषू यांच्या ‘संग्राम’नेही तीच वाट धरली. ज्या दारावर साहेबाची थाप पडली की कडी लागते, ते दार या बायांना उघडलं. २०२० साली धारावीत कोरोनाचे रुग्ण शोधतानाही वस्तीतल्याच डॉक्टरांना बरोबर घ्यावं लागलं.

यंत्राची अडचण म्हणावी, तर गोव्याच्या कंपनीचं ‘ट्रूनॅट’ बॅटरीवर चालतं आणि तासाभरात क्षयाचं निदान सांगतं. पण त्याला पाय नाहीत. वस्तीतला नमुना त्याच्यापर्यंत कुणीतरी न्यावा लागतो.

तो नेणाऱ्या बाईला आपण काय देतो? प्रशस्तिपत्र, टोपी आणि भाषणात एक वाक्य. याला जनसहभाग म्हणतात. हावडा पूल रंगवायचा असतो तेव्हा जनसहभाग कुणाला आठवत नाही, तेव्हा रीतसर निविदा निघते. आशा ताई दारोदार फिरते, पण सरकारी कागदावर ती अजून स्वयंसेविकाच. स्वयंसेवा फक्त गरिबाच्याच वस्तीत एवढी कशी फोफावते, यावर एखादी समिती नेमायला हरकत नाही. त्या समितीला भत्ता नक्की मिळेल.

२०२५ पर्यंत देशातून क्षय संपवायचा होता. २०२५ संपलं, क्षय आहे. आता नवी तारीख येईल, नवं घोषवाक्य येईल. येऊ द्या. फक्त डबी पोचवणाऱ्या बाईचं नाव यंदा पगारपत्रकावर चढवा, आणि दवाखाना कुठल्या वेळी उघडायचा हे तिला विचारून ठरवा. टाळ्या परत घेतल्यात तरी तिची तक्रार नसेल.