सोळा वर्षांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात अभियांत्रिकीतली सर्वांत लांब कारकीर्द कुणाची, असा वाद निघालाच तर मान शकुंतला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाला द्यावा लागेल. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले हे इंजिन १९२३ साली यवतमाळ-मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवर रुजू झाले आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाले. सत्तर वर्षे एकच मार्ग. पॅकेजची कुरकुर नाही की हिंजवडीला जायची घाई नाही. आजच्या बी.ई.ला इतकी चिकाटी एकाच क्षेत्रात दाखवता येते, स्पर्धा परीक्षेत. बाविसाव्या वर्षी पदवी घ्यायची, अभ्यासिकेतली एक खुर्ची धरायची, तिच्या पाठीला नावाची चिठ्ठी डकवायची आणि टेबलाखाली डबा ठेवायचा. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे निदान सोळा वर्षांची हमी. इतकी कोणती कंपनी देते? २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. त्यांत अभियंतेही होते. सातबारा लिहायला थर्मोडायनॅमिक्स लागत नाही, पण असले तर बिघडतही नाही.

यात दोष पोरांचा नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी पुसदला बाबासाहेब नाईक महाविद्यालय उघडले. पुढे यवतमाळलाही सोय झाली. कापूसवाल्याच्या पोराच्या दारात पदवी आली, हे चांगलेच झाले. बिघडले ते हिशेबात. प्रवेशाच्या मोसमात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात ते पहिल्या नोकरीचे. दहाव्या वर्षी तो फोटोतला मुलगा कुठे आहे, हे बापही विचारत नाही आणि संस्थाही छापत नाही. ज्या मालाची हमी पहिल्या दिवसापुरती, तो दीर्घकाळ टिकेल अशी अपेक्षा धरणे हा गिऱ्हाइकाचा भोळेपणा.

कुणी म्हणेल, इथे उद्योगच कुठे आहेत? लोहाऱ्यात डेनिम विणले जाते, वणीत कोळसा निघतो, मुकुटबनला सिमेंट होते, बेंबळा प्रकल्पाच्या कालव्यांना देखभाल लागते. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेला २००८-०९ मध्ये मंजुरी मिळाली आणि वर्धा-कळंब हा चाळीसेक किलोमीटरचा टप्पा सुरू झाला फेब्रुवारी २०२४ मध्ये. पुन्हा सोळा वर्षे! खुर्ची धरलेला सिव्हिलवाला आणि रेल्वे, दोघे एकाच वेगाने चालले होते. फक्त त्यांची गाठ कुणी घालून दिली नाही. कंत्राटदाराकडचा साइट इंजिनिअर काम संपले की मोकळा, आणि मोकळा झालेला माणूस पुन्हा अभ्यासिकेतच येतो. सरकारी नोकरीची ओढ आळसातून येत नाही, ती या मोकळे होण्याच्या धास्तीतून येते.

दुसरा आक्षेप हुशार मंडळींचा : मग कॉम्प्युटर घ्या. घेतलेच आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी जागांची कमाल मर्यादाच काढून टाकली, तेव्हा मोठ्या शहरांतल्या महाविद्यालयांत कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढत गेल्या. इकडे मोठ्या आयटी कंपन्यांतला नवख्याचा पगार दहा-बारा वर्षे साडेतीन लाखांच्याच आसपास घुटमळतो आहे. पुण्यातले खोलीभाडे मात्र तेवढे संयमी नाही.

तेव्हा यंदा प्लेसमेंटच्या फ्लेक्सशेजारी दहा वर्षांपूर्वीच्या तुकडीचाही एक फ्लेक्स लावावा. तलाठी, पोलीस, विमा एजंट, कृषी केंद्राचा मालक, पुण्यातले दोन-चार टीम लीड अशी सगळी नावे त्यावर यावीत. नीट शोधले तर एखादा अभियंताही सापडेल.